किडनीचा आजार असलेली मांजर घेऊन घर बदलायचंय: पांढरकवडा ते दर्यापूर

कोवळं_ऊन
नमस्कार. मे अखेरीस पांढरकवड्याहून दर्यापूरजवळच्या एका गावात बिऱ्हाड हलवायचं आहे. सोबत जिनिंगच्या आवारातून सोडवून आणलेली मांजर आहे. मादी, अंदाजे ८ वर्षं, नसबंदी झालेली, वजन ३.५ किलो. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा आकडा) ३.४, फॉस्फरस ५.८. डॉक्टरांनी रीनल, म्हणजे किडनीच्या आजाराचं खाद्य सुरू केलंय: कोरडे दाणे आणि रोज अर्धं ओलं पाऊच. आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन, आरएल (रिंगर लॅक्टेट). अनोळखी माणूस दिसला की लपते, हात लावू देत नाही.

प्रवासाच्या दिवशी खाणं कसं ठेवायचं? हे खाद्य तालुक्याला मिळत नाही, मध्येच संपलं तर घरचं काय देता येईल? नवं घर कवेलूचं आहे आणि तिथल्या बोअरचं पाणी खारट आहे. तिला ते चालेल का?

पूर्णाकाठ
ताई, आधी खाद्य आणि पाणी, गाडीचं नंतर. क्रिएटिनिन २.९ ते ५.० म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी. या पायरीवरच्या मांजरीचा फॉस्फरस ५.० च्या खाली ठेवायचा असतो, तुमचा ५.८ आहे. म्हणून खाद्यात एक दिवसाचीही हयगय नको. निघण्याआधीचे दोन आठवडे आणि पोचल्यावरचे दोन आठवडे खाद्याचा ब्रँड, चव, आकार काहीही बदलू नका. घर, वास, आवाज सगळं बदलणारच आहे. खाद्यही बदललं आणि तिनं तोंड फिरवलं, तर ती घाबरल्यामुळे खात नाही की मळमळ होते म्हणून, हे डॉक्टरांनाही ओळखता येणार नाही.

हिशोब असा. ३.५ किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण १८० किलोकॅलरी लागतात. ८५ ग्रॅमच्या अर्ध्या पाऊचमधून चाळीसेक मिळतात. उरलेल्या १४० साठी ३५ ग्रॅम कोरडे दाणे, कारण बहुतेक रीनल दाण्यांत ग्रॅममागे ४ किलोकॅलरीच्या आसपास असतात. तुमच्या पाकिटावरचा आकडा बघून गुणाकार करा. ४५ दिवसांना दीड किलोपेक्षा थोडे जास्त दाणे आणि २३ पाऊच लागतील. एवढा साठा निघायच्या आधी हातात हवा. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना या तिघांचंही रीनल खाद्य भारतात मिळतं, पण तिला जे सुरू आहे तेच घ्या.

दाणे सुट्या डब्यात ओतू नका. मूळ पिशवी घडी घालून, चिमटा लावून, ती पिशवीच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. आपल्याकडच्या उन्हात दाण्यांवरची चरबी खवट होते. माणसाला त्याचा वास येत नाही, मांजर मात्र हुंगून निघून जाते. टिनाखालच्या खोलीत तर डबा ठेवूच नका. घरातली सगळ्यात थंड जागा शोधा, बहुतेक घरांत ती पाण्याच्या माठाशेजारी, जमिनीवर असते. फक्त ओल लागू नये म्हणून डब्याखाली पाट ठेवा.

उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतं. लाईन चार-पाच तास गेली असेल तर ते फेकायचं. वाटीत काढलेलं ओलं खाद्य मेच्या दुपारी अर्ध्या तासात उचला.

पूर्णाकाठ
आता पाणी. हा विषय आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे म्हणून वेगळं लिहितो. दर्यापूर खारपाण पट्ट्यात येतं. पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांचं भूजल खारं आहे. किडनीच्या मांजरीला दोन्हीकडून त्रास: एक तर क्षार नकोतच, आणि चव न आवडल्यामुळे ती पाणीच कमी पिते. हा दुसरा धोका मोठा. तिची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे पाणी शरीराबाहेर जातच राहतं. दोन दिवस कमी प्याली की क्रिएटिनिन चढतं.

किलोमागे ५० मिलीचा ठोकताळा धरला तर तिला किमान १७५ मिली हवं, आणि उन्हाळ्यात किडनीची मांजर याहून बरीच जास्त पिते. अर्ध्या पाऊचमधून तीसेक मिली मिळतं, दाण्यांतून जवळपास काहीच नाही. बाकी सगळं वाटीतून जायला हवं.

जुन्या घरचं, ती सध्या पिते तेच पाणी १० लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये भरून न्या. तिथे पोचल्यावर पहिले तीन दिवस निव्वळ तेच. पुढचे तीन दिवस तीन भाग जुनं आणि एक भाग नवं, मग अर्धं-अर्धं, मग एकास तीन. आणि नवं म्हणजे बोअरचं नाही, आरओच्या जारचं.

किती प्याली हे मोजायचं असेल तर सकाळी मापून ३०० मिली घाला आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मापा. पण उन्हाळ्यात वाटीतलं पाणी नुसतं उडूनही जातं, कूलरच्या वाऱ्यात तर फारच. म्हणून तशीच दुसरी वाटी, तेवढंच पाणी घालून, तिला पोचणार नाही अशा ठिकाणी पण त्याच खोलीत ठेवा. त्यातलं जेवढं घटलं तेवढं वजा करा. हे केलं नाही तर "छान पिते आहे" असा गैरसमज होतो.

रानहळद
पाणी उकळून थंड करून दिलं तर खारेपणा कमी होईल ना? रोज आरओचा जार सगळ्यांना परवडत नाही.

गेरू
नाही होत. उकळल्यानं जंतू मरते, क्षार नाही जात. पानी वाफ होऊन उडते अन् क्षार गंजातच, म्हंजे भांड्यातच राह्यते, म्हणजे उरलेलं पानी आनखी खारं. फ्लोराइडचंही तसंच हाये. केळापूर, झरीकडं बोअरच्या पान्यात फ्लोराइड हाये, तिकडंही लोक उकळून पितात अन् समजतात की झालं शुद्ध. मांजरीले दिवसाचं पाव लिटर लागते. २० लिटरचा एक जार महिनाभर पुरून उरते, पन इतके दिवस उघडा नको ठेवजा. आठवड्याचं पानी स्टीलच्या डब्यात काढून जार बंद करून ठेवजा. अन् पावसाळ्यात छतावरचं पानी धरता येत असंल तर पहिले दोन पाऊस सोडून मंग धरजा, ते उकळून चालते.

पळसपान
प्रवासाबद्दल. तारीख हलवता येत असेल तर हलवा. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, पाऊस एकदा पडून गेला की पारा झपकन खाली येतो. मेच्या अखेरीस दुपारचं ४५ अंश तापमान आणि पाणी धरून न ठेवणारी किडनी, हे एकत्र नकोच.

मेमध्येच निघावं लागलं तर पहाटे ४ ला निघायचं. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर करून दर्यापूर, किंवा यवतमाळहून नेर, अमरावती. रस्ता कुठलाही घ्या, ९ च्या आत घरात पोचायला हवं. सामानाच्या गाडीसोबत मांजर नेऊ नका. सामान भरायलाच ७ वाजतात, मग मजूर चहा घेतात, आणि मांजर उन्हात. छोटा हत्तीत सीटखालीच इंजिन असतं, केबिनमध्ये पायाशी पिंजरा ठेवला की तो खालून तापतो. मागच्या डाल्यात तर अजिबात नाही. एक माणूस आणि मांजर आधी चारचाकीनं पुढे, सामान मागून.

पोत्यात किंवा पिशवीत घालून मांजर नेतात, ते बंद करा. मांजर घामानं नाही, मुख्यतः श्वासानं आणि अंग चाटून थंड होते. पोत्यात हवा खेळत नाही.

तयार पिंजरा नसेल तर संत्र्याचे दोन प्लास्टिक कॅरेट घ्या. एक सरळ ठेवून त्यावर दुसरं तोंडाला तोंड लावून उपडं ठेवा. एका लांब बाजूला केबल टाय चार ठिकाणी थोडे सैल बांधा, ती बिजागरी होते. समोरच्या लांब बाजूला तीन आणि आखूड बाजूंना दोन-दोन टाय घट्ट. सोबत कात्री आणि जास्तीचे टाय ठेवा. आधी बघून घ्या की कॅरेटची भोकं इतकी मोठी नाहीत की डोकं बाहेर निघेल; नाकातोंडाएवढा भाग घुसला तरी अडकून धडपडते. तळाला बारदाना, त्यावर तिची रोजची, न धुतलेली चादर. वरून पातळ सुती कापड तीन बाजूंनी, चौथी उघडी. अंधार असला की ती शांत बसते.

कॅरेट निघायच्या दिवशी आणलं तर ती आत जाणार नाही. तीन आठवडे आधी वरचं कॅरेट काढून खालचं तिच्या खाण्याच्या जागी ठेवा आणि वाटी त्याच्या आत. एका आठवड्यानं वरचं बिजागरीच्या बाजूनं जोडा, पण उघडंच ठेवा. तिसऱ्या आठवड्यात ती खात असताना पाच मिनिटं बंद करा, मग उघडा. हात लावू न देणाऱ्या मांजरीसाठी एवढाच खात्रीचा मार्ग आहे. ऐन वेळी धरायला गेलात तर ती आढ्यावर जाते आणि अख्खा दिवस जातो.

गार राहावं म्हणून एक लिटरच्या दोन बाटल्या रात्री गोठवून, टॉवेलमध्ये गुंडाळून कॅरेटच्या बाहेरच्या बाजूला बांधा. आत नाही.

कोवळं_ऊन
पळसपान, पूर्णाकाठ, मनापासून आभार. जून अखेरचं बघते. निघायच्या रात्री खायला द्यायचं का? आणि रस्त्यात पाणी?

पळसपान
रात्री १० ला नेहमीच्या जेवणाचा साधारण अर्धा भाग. मध्यरात्रीनंतर खाणं नाही, म्हणजे रिकाम्या पोटी ओकारी कमी. पाणी मात्र निघेपर्यंत समोर असू द्या. फॉस्फरस बांधणारं औषध सुरू असेल तर ते खाण्यासोबतच काम करतं, उपाशी पोटी देऊन उपयोग नाही. त्या दिवशी खाणं कमी असेल तर औषध किती, ते डॉक्टरांना विचारा.

रस्त्यात दर दीड तासानं सावलीत थांबून, काचा बंद करून, कॅरेट न उघडता फटीतून बिनसुईच्या सिरिंजनं १-२ मिली पाणी ओठाच्या कडेला. नाही घेतलं तर जबरदस्ती नाही, ठसका लागतो. गाडीचं दार उघडं असताना कॅरेट कधीच उघडायचं नाही.

तोंड उघडून धापा टाकू लागली तर ते गंभीर समजा. कुत्र्याचं तसं असतं, मांजरीचं नसतं. गाडी थांबवा, एसी किंवा वारा सुरू करा, पंजे आणि कान साध्या पाण्यानं ओले करा, बर्फाच्या नाही. मांजरीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की थेट दवाखाना.

भीती कमी करायला डॉक्टर गॅबापेंटिन देतात, निघायच्या दोन-तीन तास आधी. पण हे औषध किडनीतून बाहेर पडतं, म्हणून तुमच्या मांजरीला मात्रा कमी लागते. तिचा रिपोर्ट दाखवूनच लिहून घ्या, आणि प्रवासाच्या आठवडाभर आधी एकदा घरी देऊन बघा, फार झिंगते का ते कळतं. मळमळीसाठी मॅरोपिटंटचं विचारा. माणसांची झोपेची किंवा तापाची गोळी नाही. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकते.

निंबोणी
खाद्य संपलं तर काय, याचं उत्तर राहिलं.

दोन-तीन दिवसांची सोय होते, त्याहून जास्त नाही. एका दिवसासाठी: बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन ५० ग्रॅम, मऊ शिजलेला भात ३५ ग्रॅम, साजूक तूप एक चमचा. हे साधारण १८० किलोकॅलरी होतं. हवं तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग अर्धा. पिवळा नाही, त्यात फॉस्फरस भरपूर असतो. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणानं मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात, आधीच किडनीमुळे रक्त कमी असतं.

चिकन ज्या पाण्यात उकडलं ते फेकू नका, भातात मिसळा. मांसातलं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य पाण्यात उतरतं, आणि टॉरिन मांजरीच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे जातात.

बाजारातून फुकट मिळतं म्हणून पाय, मुंडी, पोटा-कलेजी देऊ नका. हाडात आणि कलेजीत फॉस्फरस जास्त. सुकट आणि बोंबील हे मीठ आणि फॉस्फरस दोन्हीनं भरलेले. दूध-पोळी, वरण-भात हे तर निरोगी मांजरीचंही अन्न नाही. दुधानं हगवण लागली की पाणी आणखी जातं. दूध नेहमी दिलं जातं म्हणून विशेष सांगते.

हाच आहार महिनोन्‌महिने दिला तर कॅल्शियम, टॉरिन, जीवनसत्त्वं सगळं कमी पडतं. अंड्याच्या टरफलाची पूड घालायला लोक सांगतात. ती फॉस्फरस बांधते हे खरं, पण कॅल्शियम चढलं तर किडनीलाच त्रास, म्हणून रक्ततपासणीशिवाय नको.

टेंभुर्णी
नव्या घराबद्दल. पहिले १०-१५ दिवस तिला एकाच खोलीत ठेवा. कवेलूच्या घरात आढ्याजवळ भिंत आणि छप्पर यात फट असते, घाबरलेली मांजर तिथूनच निघते. त्या खोलीवर जाळी किंवा टिन मारून घ्या. न्हाणीच्या मोरीला लोखंडी जाळी, मांजरीसाठीही आणि सापासाठीही.

खोली तिला आणायच्या आधी दोन दिवस फिनाइलनं पुसू नका. पंजाला लागतं, चाटून पोटात जातं, आणि मांजरीचं यकृत ते बाहेर टाकू शकत नाही. साबणाचं पाणी पुरे. ताजा चुना मारला असेल तर पूर्ण वाळून झाडून घ्या. मुंग्यांची पावडर आणि जनावरांचं गोचिडाचं औषध यांत परमेथ्रिन हे कीटकनाशक किंवा तशाच जातीचं काही असतं, ते मांजरीसाठी विष आहे.

आधीच्या राहणाऱ्यांनी धान्याच्या कोठीत सल्फास किंवा उंदराचं औषध ठेवलंय का ते कोपरान्‌कोपरा बघा. फवारणीचे पंप, डबे घरात नकोतच. जुलैपासून कपाशीवर फवारणी सुरू होते, तेव्हा ती बाहेर जाता कामा नये.

शौचासाठी लोखंडी घमेलं आणि नदीची चाळलेली रेती. जुन्या घरची वापरलेली मूठभर रेती पिशवीत बांधून आणा आणि नव्या रेतीवर पसरा. रेतीत ओल्या ढेपा मोजता येतात. रोज तीन-चार मोठ्या ढेपा होत असतील आणि एक दिवस अचानक एकच झाली, तर पाणी मोजा. धानाचा कोंडा हलका असतो, पसरतो, त्यात लघवी मोजता येत नाही.

गेरू
कूलरच्या टाकीवर झाकन ठेवजा. गारव्याले मांजर तिथंच पानी पिते, अन् त्यात आठ-आठ दिवसांचं शेवाळ असते.

पूर्णाकाठ
पोचल्यावर खाण्याची वेळापत्रकासारखी नोंद ठेवा. १२ तास खाल्लं नाही तर काळजी नाही. २४ तास झाले तर डॉक्टरांना फोन. ४८ तासांच्या पुढे जाऊ देऊ नका, उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साचते आणि मग आजार एकाचा दोन होतो. ओलं खाद्य गरम पाण्याच्या गंजात वाटी ठेवून अंगाइतकं कोमट करा, वास उठतो. भूक लागायचं औषध, मिर्टाझापिन, आधीच लिहून आणा. किडनीच्या मांजरीला ते दिवसाआड देतात, रोज नाही. तोंडात कोंबून रीनल खाद्य भरवू नका. मळमळताना कोंबलेलं अन्न ती पुढे कायमचं नाकारते, आणि तिच्याकडे दुसरा पर्याय नाही.

दवाखाना आधी शोधून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुठे पशुवैद्यकीय डॉक्टर भेटतात, कुठे पशुधन पर्यवेक्षक. दोघांचंही काम मुख्यतः गाई-म्हशींचं. तपासणी आणि गुंतागुंतीसाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था दर्यापूरला जवळ पडते. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लांब आहे. माणसांच्या लॅबमध्ये क्रिएटिनिन, फॉस्फरस करता येतं, पण रक्तपेशींची मोजणी तिथल्या मशीनवर चुकते, कारण मांजरीच्या तांबड्या पेशी लहान असतात.

रानहळद
बोका असेल आणि लघवीत खडे होत असतील, तर हेच सगळं लागू का?

निंबोणी
पाणी आणि ओलं खाद्य लागू, बाकी वेगळं. खाद्य लघवीच्या खड्यांचं लागतं, रीनलचं नाही. ही दोन खाद्यं अदलाबदल करायची नसतात. घर बदलण्याच्या ताणानं बोक्याचा मूत्रमार्ग सुजतो आणि खडा अडकतो. तो घमेल्यात वारंवार बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी नळी घालू शकणारा दवाखाना गाठा. एक-दोन दिवसांत जीव जातो. त्यामुळे बोक्याचं बिऱ्हाड हलवताना मधल्या मोठ्या गावातल्या डॉक्टरांचा नंबर खिशात असावा. बद्धकोष्ठ समजून एरंडेल देण्यात वेळ घालवू नका.

कोवळं_ऊन
सलाईनबद्दल विचारायचं राहिलं. आरएल घरीच देते, डॉक्टरांनी शिकवलंय. प्रवासात दिवस चुकला तर?

पळसपान
डॉक्टरांना विचारून एक डोस निघायच्या आदल्या संध्याकाळी घ्या, म्हणजे प्रवासाचा दिवस रिकामा सापडत नाही आणि पाणी अंगात मुरायला रात्र मिळते. मात्रा तीच ठेवा, "प्रवास आहे म्हणून थोडं जास्त" असं नको. जास्त पाणी गेलं तर छातीत साचतं, श्वास जलद होतो.

वेळेला गावात आरएल मिळालं नाही तर मेडिकलवाला डीएनएस किंवा डी-५ ही साखरेची सलाईन हातात देईल. ते कातडीखाली द्यायचं नसतं. बाटलीवर रिंगर लॅक्टेट लिहिलंय ते वाचूनच घ्या. प्रत्येक वेळी नवी सुई, २० किंवा १८ नंबरची, आणि उघडलेल्या बाटलीचं तोंड स्पिरिटनं पुसून. दोन बंद बाटल्या, सेट आणि दहा सुया निघायच्या आधीच घ्या आणि सामानाच्या गाडीत टाकू नका. सामान पोचायला संध्याकाळ होते, ट्रंक सापडायला दुसरा दिवस. मांजरीसोबतच्या पिशवीत खाद्य, पाण्याचा कॅन, औषधं, सलाईन आणि रिपोर्टची फाईल, एवढं स्वतःच्या पायाशी ठेवा.